धुळीवर पहारा कोणाचा?

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना पाळी सुटल्यावर भोंग्यामागोमाग दरवाजातून बाहेर पडणारी माणसे आठवत असतील. कोण कोणत्या खात्यात आहे हे विचारावे लागत नसे. ज्याच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या, तो ब्लो रूमचा नाहीतर कार्डिंगचा. कापसाच्या गाठी फोडायच्या, कापूस पिंजायचा, त्यातली माती, पाल्याचा चुरा, सरकीची टरफले बाजूला काढायची, हे काम तिथे चाले. बाजूला काढलेले ते सारे आधी हवेत जाई आणि मग माणसाच्या छातीत. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा अशा खात्यांतून निवृत्त झाले. काही निवृत्तीपर्यंत पोचलेच नाहीत.

गिरणीत आपल्या माणसांना कोणते खाते मिळायचे याचाही एक इतिहास आहे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्याला दार बंद होते. धोट्यातील कांडी बदलली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा शेजारच्या सवर्ण विणकराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला होता. जातीने ठरवलेले काम म्हणजे जातीने ठरवलेला पगार, हे आपण जाणतोच. त्याच्या जोडीला जातीने ठरवलेली हवासुद्धा असते, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी कामावर आला की छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते. मंगळवारी थोडे बरे वाटते. मुकादमाला वाटायचे, हा रविवारी पिऊन आला. खरे तर दीड दिवस स्वच्छ हवा मिळालेली छाती पुन्हा धुळीला सामोरी जाताना तक्रार करत असायची. पुढे वर्षे उलटत, सोमवारचा त्रास रोजचा होई, आणि तोवर फुप्फुस कायमचे बिघडलेले असे. अमेरिकेत कापड कामगारांनी यावर मोठी लढाई दिली. १९७८ साली तिथे कायदा झाला की सूत काढण्याच्या खात्यात एक घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कापूसधूळ असता कामा नये. मालकांनी खर्चाचे रडगाणे घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. १९८१ साली न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. मग त्याच मालकांनी यंत्रांवर झाकणे बसवली, नळ्या टाकल्या, पंखे लावले आणि धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेतली. म्हणजे ते करता येत होते. आधी फक्त करायचे नव्हते.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळे आहे. मुंबईच्या बहुतेक गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. पण धूळ गेली नाही, ती फक्त राहायला दुसरीकडे गेली. गिरणी कामगारांची नातवंडे आज औद्योगिक वसाहतींतून सिमेंट, फौंड्री, रबर, औषधे, फर्निचर, खते अशा कारखान्यांत कामाला आहेत, पुष्कळजण ठेकेदाराकडे. अशा बहुतेक मोठ्या कारखान्यांत छपराबाहेर एक भलीमोठी लोखंडी पेटी उभी असते. तिला जाड नळ्या जोडलेल्या असतात, वर चिमणी असते आणि अधूनमधून आतून ‘फट् फट्’ असा आवाज येतो. त्या पेटीच्या पायाशी एक छोटे पॅनेल असते. त्यावर आकडे चमकत असतात. शेजारून रोज शेकडो माणसे ये-जा करतात, पण तो आकडा काय सांगतो हे त्यांना कोणी सांगत नाही. जो सांगू शकतो त्याला सवड नसते, आणि ज्याच्या छातीचा प्रश्न आहे त्याला विचारायची भीती वाटते. म्हणून म्हटले, हे काम आपणच करावे.

पेटीच्या पोटात

आपल्या घरी हळद-तिखट करताना वस्त्रगाळ पूड काढतात. पातळ कापडातून बारीक पूड खाली पडते, जाड वर राहते. कारखान्यातील बॅग फिल्टर म्हणजे तेच वस्त्रगाळ, पण उलट हेतूने. आपल्याला पूड हवी असते; इथे पूड अडवून स्वच्छ हवा तेवढी पलीकडे सोडायची असते. पेटीत जाड फेल्टच्या लांबलचक पिशव्या टांगलेल्या असतात, साधारण वीतभर व्यासाच्या आणि दीड-दोन पुरुष उंचीच्या. पिशवी चिपकू नये म्हणून आत तारेचा पिंजरा असतो. मोठा पंखा हवा ओढतो. धूळभरली हवा पिशवीच्या बाहेरून आत शिरते, धूळ कापडावर अडते आणि गाळलेली हवा वरून चिमणीकडे जाते.

कापडावर धूळ साचत गेली की हवेला वाट मिळेनाशी होते. मग पिशवी झटकावी लागते. गोधडी दोरीवर टाकून काठीने बडवतात तसेच हे, फक्त इथे काठी हवेची असते. पाच-सहा किलो दाबाची हवा वरून पिशवीत एकदम सोडतात, तीही सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ. पिशवी फुगते, बाहेरचा थर सुटून खालच्या हॉपरमध्ये पडतो. तो ‘फट्’ आवाज याचाच. एका वेळी एक रांग झटकतात आणि बाकीच्या रांगा आपले काम करत राहतात.

आता इथे एक गंमत आहे, आणि सारे स्वयंचलित नियंत्रण या गमतीवर उभे आहे. आपल्याला वाटेल, पिशवी जितकी स्वच्छ तितके बरे. तसे नाही. कोरी पिशवी बारीक धूळ नीट अडवूच शकत नाही. तिच्यावर धुळीचा जो पातळ थर बसतो तोच खरा गाळणी. नव्या माठातून पाणी पाझरते आणि वापरात माठ मुरतो, तशी पिशवीही मुरावी लागते. तिला सारखे झटकत राहिले तर तो थर टिकत नाही, प्रत्येक झटक्याबरोबर बारीक धूळ चिमणीतून निसटते, कापड झिजते आणि दाबाची हवा करायला लागणारी वीज फुकट जाते. झटकलेच नाही तर पिशव्या तुंबतात, पंख्याची ओढ कमी पडते आणि यंत्रावर उठलेली धूळ नळीत जाण्याऐवजी तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाते.

मग झटकायचे केव्हा? जुन्या पद्धतीत घड्याळ लावलेले असे. दर पंधरा-वीस सेकंदांनी एक रांग, धूळ असो वा नसो, दिवसरात्र. अजूनही पुष्कळ कारखान्यांत असेच चालते. शहाणी पद्धत अशी की पिशव्यांनाच विचारावे. त्यासाठी पेटीला दोन बारीक नळ्या लावतात, एक पिशव्यांच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. दोन्हीकडच्या दाबात जो फरक पडतो तो मोजतात. पूर्वी यासाठी काचेची यू आकाराची नळी असे. तिच्यात रंगीत पाणी भरायचे आणि एका बाजूचे पाणी दुसरीपेक्षा किती मिलिमीटर वर चढले ते पाहायचे. म्हणून आजही हा आकडा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. चांगल्या चालणाऱ्या पेटीत तो साधारण ७५ ते १५० च्या दरम्यान असतो. पॅनेलवर चमकणारा आकडा बहुधा हाच. आकडा, समजा, १२५ वर गेला की यंत्र आपण होऊन झटकायला लागते आणि १०० वर आला की थांबते. माणसाच्या रक्तदाबासारखेच हे. वाढलेला वाईट आणि फार उतरलेलाही वाईट. दाब अचानक उतरून ३० वर आला म्हणून आनंद मानायचा नसतो. पिशवी फाटली असेल, निखळून पडली असेल किंवा पंखाच मंदावला असेल.

फाटलेली पिशवी शोधणे हे एके काळी मोठे कटकटीचे काम होते. शेकडो पिशव्यांतली फाटकी कोणती? माणसाला वर चढवून, झाकणे उघडून, टॉर्च मारून बघावे लागे. आता चिमणीत स्टीलची एक सळई बसवतात. धुळीचे कण तिच्याजवळून जाताना किंवा तिच्यावर आपटताना अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते, लोकरीचा स्वेटर काढताना चटचट होते त्याच जातीची. कण जास्त तर वीज जास्त. यातही एक युक्ती आहे. रांग झटकली की क्षणभर धूळ थोडी वाढते आणि आलेखावर टोक दिसते. सात नंबरची रांग झटकल्यावर दर वेळी हे टोक इतरांपेक्षा उंच दिसू लागले, तर समजावे की फाटकी पिशवी सातव्या रांगेत आहे. माणूस वर चढायच्या आधीच पत्ता मिळतो. आम्हाला या साऱ्या यंत्रणेत ही युक्ती सर्वांत आवडली, कारण तिने माणसाची एक जोखमीची फेरी वाचते.

या मीटरांपासून पॅनेलपर्यंत संदेश जातो तो विजेच्या प्रवाहाने, ४ ते २० मिलिअँपिअर. आय.टी.आय.ला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड घेतलेल्या मुलांना हा आकडा पाठ असतो. पण शून्यापासून सुरुवात न करता चारपासून का? कारण सर्वांत कमी मापालाही चार ठेवले की तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि पॅनेलला कळते की हे माप नव्हे, बिघाड आहे. ‘धूळ नाही’ आणि ‘मला दिसत नाही’ या दोन गोष्टींतला फरक यंत्राला इतक्या साध्या तोडग्याने शिकवता आला. तो फरक तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही कळायला हवा.

हॉपरखालची माणसे

पंखा, नळ्या, मीटर यांवर इंजिनिअर मंडळी पुष्कळ बोलतात. हॉपरवर कमी बोलतात, कारण तिथे ठेकेदाराची माणसे असतात. खाली पडलेली धूळ हॉपरमधून फिरत्या झडपेतून बाहेर निघायला हवी. ती दमट असली की आतच चिकटते, पूल बांधल्यासारखी अडून बसते. मग फावडे, सळई, हातोडा घेऊन कोणीतरी ठोकत बसतो. कधी त्याला आतही उतरवतात. अडलेली धूळ एकदम कोसळली तर आत असलेला माणूस गाडला जाऊ शकतो, आणि झडप अचानक फिरली तर हात जातो. गटारात उतरणारे हात आणि हॉपरमध्ये उतरणारे हात पुष्कळदा एकाच वस्तीतून आलेले असतात, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून हॉपरमध्ये धूळ किती चढली हे सांगणारा लेव्हल स्विच, धूळ दमट होऊ नये म्हणून हॉपरला ऊब देणारा हीटर, झडपेची मोटर फिरते आहे की नाही हे पाहणारा सेन्सर, या वस्तू म्हणजे चैन नव्हे. झडप बंद पडली की वरचा पंखा आणि माल टाकणारे यंत्र क्रमाने थांबले पाहिजे अशी साखळी पॅनेलमध्ये घालता येते. आत माणूस उतरणार असेल तर मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली त्या उतरणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे, सुपरवायझरच्या नव्हे. हा नियम स्वयंचलित कारखान्यात जास्त कडक पाळावा लागतो, कारण तिथे यंत्र कोणाला न विचारता आपणहून सुरू होते.

तापमानावरही लक्ष ठेवावे लागते. पॉलिएस्टरच्या पिशव्या साधारण १३० अंशांपर्यंत टिकतात. भट्टीतून त्याहून गरम हवा आली तर पिशव्या करपतात. फार थंड झाली तर हवेतील वाफ आतच निथळते आणि पिशव्यांवर धुळीचे लिंपण बसते. शेण-मातीच्या लिंपणासारखेच, झटकून न निघणारे. पॅनेल दोन्हीकडे पाहते आणि गरज पडली तर थंड हवेची झडप उघडते.

आणि आग. पीठ, साखर, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनिअमची पूड या वस्तू ढिगात गरीब दिसतात, हवेत उडाल्या की दारूगोळा होतात. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मेले. चौकशीत निघाले की धूळ ओढणारी यंत्रणा अपुरी होती, नादुरुस्त होती. साखरेच्या राज्यात राहणाऱ्या आपण ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमध्ये कुन्शान येथे गाड्यांच्या ॲल्युमिनिअम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात त्याहून भयंकर घडले. धूळ गोळा करण्याच्या पेटीतच पूड साचली होती, ती ओलसर झाली, रासायनिक क्रियेने आतल्या आत तापली आणि पेटली. त्या पेट्यांना स्फोटाचा जोर बाहेर सोडणारी झडप नव्हती. ज्या नळ्यांनी कामगारांजवळची धूळ ओढून न्यायची, त्याच नळ्यांनी ज्वाळा कामगारांपर्यंत आणल्या. मृतांचा आकडा अखेर १४६ वर गेला. जी यंत्रणा रक्षण करते ती दुर्लक्षित राहिली तर मारते, हे कुन्शानने दाखवले. नळीत ठिणगी दिसताच सेकंदाच्या आत पाणी फवारणारे डोळे आता मिळतात. लाकडाच्या कारखान्यांत ते विशेष उपयोगी पडतात. मात्र ॲल्युमिनिअमच्या पुडीवर पाणी मारणे म्हणजे आगीत तेल; तिथे उपाय वेगळे. म्हणून एका कारखान्याचे पॅनेल दुसऱ्या कारखान्यात उचलून बसवता येत नाही.

विजेच्या बिलाचा मोह

मालकाला स्वयंचलित नियंत्रण आवडते त्यामागे आमच्या छातीची काळजी किती आणि विजेचे बिल किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पंख्याचा हिशेब असा आहे की वेग थोडा कमी केला तरी वीज फार वाचते. वेग १०० वरून ८० टक्के केला तर वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. सुताराच्या कारखान्यात दहा यंत्रांपैकी चारच चालू असतील तर बाकीच्या सहा नळ्यांची दारे आपोआप बंद करायची आणि पंखा मंद करायचा, ही सोय झकास आहे. पण नळीतली हवा सेकंदाला साधारण १८ ते २० मीटर वेगाने वाहिली तरच धूळ तरंगत जाते. त्याखाली वेग गेला तर भुसा नळीतच बसतो. म्हणजे बिल वाचले, पण चौथ्या यंत्रावर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडासमोरची ओढ गेली, शिवाय नळीत आगीला सरपण साठले. म्हणून वेगाची खालची मर्यादा पॅनेलमध्ये कुलूपबंद असावी. लाकडाची धूळ कर्करोग करते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली दिला, आणि श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकाबद्दल १९९७ साली. तेव्हा हा केवळ शिंका येण्याचा प्रश्न राहिलेला नाही.

चिमणीवरचा डोळा

आपल्या देशात ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्यांच्या मंडळांना आदेश दिला की जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी चिमणीवर अखंड चालणारे मीटर लावावेत आणि त्याचे आकडे थेट मंडळाच्या संगणकाकडे जावेत. सिमेंट, पोलाद, औष्णिक वीज, साखर हे सारे त्यात आले. चंद्रपूरच्या आमच्या वाचकांना सिमेंट आणि वीज दोन्ही ओळखीचे. त्याआधी तपासणी म्हणजे वर्षातून काही वेळा साहेबांची जीप यायची आणि त्या दिवशी कारखाना देवळासारखा स्वच्छ चालायचा. २०१७ साली महाराष्ट्राच्या मंडळाने कारखान्यांना चिमणीच्या धुळीवरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली, तीही लोकांना कळावे म्हणून.

गुजरातने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुरतच्या कापड प्रक्रिया कारखान्यांत वाफेसाठी कोळसा जाळतात. खानदेशातून तिकडे पोटासाठी गेलेले हजारो मराठी लोक उधना, लिंबायत या भागांत याच चिमण्यांच्या सावलीत राहतात. २०१९ साली तिथे असे ठरले की साऱ्या कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची एकूण मर्यादा बांधायची, प्रत्येकाला परवाने द्यायचे, आणि ज्याने कमी सोडली त्याने उरलेले परवाने ज्याने जास्त सोडली त्याला विकायचे. धुळीच्या बाबतीत असा बाजार जगात पहिल्यांदाच भरला. ३१७ कारखान्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला. बाजारात घेतलेल्या कारखान्यांची धूळ इतरांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. धुळीचा बाजार हा शब्द आमच्या कानाला बरा लागत नाही हे खरे. पण हा बाजार चालला तो चिमणीवर अखंड मीटर होता म्हणून. त्याशिवाय कोण किती विकतो हे कळलेच नसते.

मीटरही फसवता येतो. वीजवाली सळई धूळ तोलत नाही, फक्त इशारा देते. म्हणून चिमणीतून गाळणकागदावर हवा ओढायची, कागद आधी-नंतर काट्यावर तोलायचा आणि त्या वजनाशी मीटर जुळवायचा, हे ठरावीक काळाने करावेच लागते. ते केले नाही तर पडद्यावरचा आकडा म्हणजे नुसती रांगोळी. आणि ज्या मीटरचा आलेख दिवसभर सरळ रेषेत चालतो त्याच्यावर पहिला संशय घ्यावा. चालत्या चिमणीची रेघ कधी सरळ नसते.

पण आमची मुख्य तक्रार मीटर फसण्याची नाही. तो कुठे टांगला आहे, ही आहे. तो चिमणीच्या उंचीवर आहे. गावाच्या हवेवर पहारा बसला, ते चांगलेच झाले. यंत्रासमोर उभ्या माणसाच्या नाकापाशी मात्र तसा पहारा नाही. चिमणी पाच तारे मिळवू शकते आणि त्याच वेळी गोणी भरणाऱ्या बाईच्या पदरावर बोटभर पूड असू शकते, कारण तिच्या जागेवरची ओढनळी फुटलेली आहे आणि तिथली धूळ पेटीपर्यंत पोचतच नाही. पेटीचे काम त्यामुळे उलट हलके होते! मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने मेले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे मिळाले ते वारसांना. श्वासाचे माप कोणी वेळेवर घेतले असते तर पैसे घ्यायला ती माणसेच असती.

श्वासाचे माप घेता येते, आणि ते अवघडही नाही. कमरेला छोटा पंप बांधतात, कॉलरपाशी गाळणी लावतात आणि पाळी संपल्यावर गाळणी तोलतात. अमेरिकेतील कोळसा खाणींत १ फेब्रुवारी २०१६ पासून याहून पुढचे यंत्र सक्तीचे झाले. ते पाळी चालू असतानाच धूळ मोजते आणि आकडा खुद्द खाणकामगाराला त्याच्या कमरेवरच दाखवते. आकडा चढला तर त्याला त्याच क्षणी कळते. साहेबाकडून महिन्याने नव्हे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात १४ वे कलम धुळीचेच होते. धूळ जिथे उठते तिथेच, शक्य तितकी उगमापाशीच ओढून घ्यावी, असा त्याचा रोख. १९४५ साली कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय केंद्रात सुरू झाले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कामगाराच्या आरोग्याचा विचार शास्त्रज्ञाने आणि कायद्याने मिळून करावा, ही दृष्टी त्या काळातली आहे.

घरच्या बायकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. कामावरचे कपडे दारात झटकू नयेत, मुलांच्या कपड्यांत कालवू नयेत. आधी पाण्यात बुडवावेत. झटकली की धूळ पुन्हा हवेत येते, आणि घरात हवा ओढणारा पंखा नसतो.

ज्यांची मुले पॅनेलपाशी कामाला आहेत त्यांच्यासाठीही थोडे. पाळी सुरू होताना दाबाचा आकडा वहीत टिपून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. महिनाभराचे आकडे ओळीने असले की कामगार समितीत बोलताना आवाज आपोआप चढवावा लागत नाही. आणि आकडा आठवडाभर जागचा हललाच नाही तर? दाब मोजणाऱ्या त्या दोन बारीक नळ्या धुळीने तुंबतात आणि मग सुई जिथे आहे तिथेच सुंदर उभी राहते. साहेब खूष, पॅनेल हिरवे. मेन्टेनन्सच्या माणसाला दोन्ही नळ्या मीटरकडून काढायला सांगाव्यात. सुई शून्यावर आली पाहिजे. मग नळ्यांतून हवा फुंकून त्या मोकळ्या करायच्या, परत जोडायच्या आणि खरा आकडा काय येतो ते पाहायचे. सारे मिळून दहा मिनिटांचे काम आहे.